शून्य नंबरची काच

सुईत दोरा ओवता येत नाही अशी तक्रार घेऊन शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. आमच्या चष्म्याच्या दुकानामागे डोळे तपासायची अंधारी खोली आहे, तिथे मी त्यांना उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवली, एक डोळा झाकला आणि अर्धं आयुष्य जे विचारत आलो तेच विचारायला लागलो. हे बरं की हे? काच घालायची, काढायची. पहिलं की दुसरं? बाई अगदी मन लावून उत्तरं देत होत्या. दुसरं. आता पहिलं. नाही, थांबा, मघाचंच बरं होतं. असं बराच वेळ चाललं आणि मग माझ्या बोटांना काहीतरी खटकलं. नंबरची काच मधे फुगीर असते नाहीतर कडेला जाड, ते न बघताही कळतं. ही सपाट होती. आमच्या पेटीत एक शून्य नंबरची काच असते, खिडकीला असते तसली साधी, सोंग पकडायला ठेवलेली. मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून आपल्यालाही हवा असलेल्या मुली, बैठं काम मिळावं म्हणून दिसत नाही म्हणणारे बाप्ये, यांच्या डोळ्यांवर ती चढवायची आणि विचारायचं, आता? आता स्वच्छ दिसतं म्हणाले की समजायचं. त्या बाईंना मी मघापासून तीच काच घालत होतो आणि काढत होतो. काहीही बदलत नव्हतं. मी विचारत होतो आणि बाई निवडत होत्या.

"बाई, दोन्ही सारखंच होतं," मी म्हणालो.

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मला वाटतच होतं हो. पण सारखंच म्हटलं तर तुम्ही म्हणाल, हिला एवढंही कळत नाही."

यात हसण्यासारखं काय होतं? पण मला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग ते थांबेचना. बाई उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या. आमची खोली हवी त्याच्या निम्मीच लांब आहे, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीमागे उलटा लावलाय आणि समोर आरसा. त्या आरशात मी वर्षानुवर्षं पेशंटच्या मागे उभी असलेली एक काळी आकृती होतो, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. दादाने पडदा सारला, उजेड आत आला आणि आरशात मी मला दिसलो. तोंड उघडं, गाल ओले, हातात साधी काच. हसतोय की रडतोय ते मलाही सांगता आलं नसतं. दादाने बाईंच्या नाकावरची फ्रेम हलक्या हाताने काढली, त्यांना बाहेर नेऊन पाणी दिलं आणि परत येऊन मला म्हणाला, "काय लावलंयस हे? गिऱ्हाईक आहे बाहेर."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकान दोघांचं आहे, पण पुढे गल्ल्यावर बसतो तो मालक आणि मागे अंधारात उभा राहतो तो कारागीर, ही जगरहाटी आहे. दादा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, एकदाचं भांडण करून मोकळा झालो असतो. तो मला दोन दिवस घरी बस म्हणाला, संध्याकाळी वहिनीने फोन करून पित्त झालं असेल म्हणून सांगितलं, आणि रात्री जेवताना बायको म्हणाली, "पित्त नाही ते. तू कोणाकडे तरी जाऊन ये." कोणाकडे, ते तिला सांगावं लागलं नाही. तिने आधीच एका समुपदेशक मॅडमचा फोन नंबर काढून ठेवला होता. याचा मला राग आला. आपण हसलो आज, आणि हिच्याकडे नंबर कधीपासून तयार आहे?

खरं म्हणजे त्याआधीपासूनच आमच्याकडे ठिणगी पडलेली होती. बायको पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. दुसऱ्या गावी धरणाजवळ नवी प्रयोगशाळा निघाली, तिची प्रमुख म्हणून तिला बोलावलं. मुलगी शिकायला बाहेर गेलेली, घरात आम्ही दोघंच. ती ज्या दिवशी बातमी घेऊन आली त्या दिवशी तिचा चेहरा असा होता, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो मी पाहिला होता आणि मधे कुठेतरी ठेवून विसरलो होतो. "मी जाणार," ती म्हणाली. "तू येतोस की राहतोस?" मी म्हणालो, "तुला बरं वाटेल ते." तिने हातातला डाव भांड्यात टाकला. "मला काय बरं वाटतं ते मला माहीत आहे. मी तुला विचारतेय." मी पुन्हा तेच म्हणालो असणार, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. मग अधूनमधून, दात घासताना, कुलूप लावताना, तेच. तिकडे घर मिळणार होतं, एकटीला लहान, दोघांना मोठं, आणि कोणतं ते महिनाअखेरीला कळवायचं होतं. "एकटी जाईन मी, त्याचं मला काही नाही," ती एकदा म्हणाली. "पण मी एकटी आहे की दुकटी, एवढं तरी मला कळायला नको?" मला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. मी आत बघायचो आणि आत दोन्ही काचा सारख्याच दिसायच्या. जावं तरी तेच, राहावं तरी तेच. कोणी मानगूट धरून एकीकडे ढकललं असतं तर मी उपकार मानले असते. पण ती ढकलणारी नाही, विचारणारी आहे, आणि विचारणाऱ्या माणसाचा मला उबग आलाय. दिवसभर मी दुसरं काय करतो?

आणि मी काहीच बोललो नाही असंही नाही. हे मला तेव्हा फार लागलेलं होतं. मागे एकदा ती कपड्यांच्या मशीनपाशी उभी असताना मी मागून म्हणालो होतो, "मला त्या दुकानाचा कंटाळा आलाय." चांगलं स्पष्ट म्हणालो होतो. ती वळलीही नाही. मशीन घरघरत होतं, ती फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत उभी राहिली. मी थोडा वेळ थांबलो आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर जाऊन बसलो. ठीक आहे, म्हटलं. कळलं आपलं वजन. त्याच्याही फार पूर्वी बाबांना सांगितलं होतं. तेव्हा मी विशीत होतो, बाबा काचेची कड घासायच्या चाकावर बसले होते, आणि मी म्हणालो होतो, बाबा, मला दुसरं काहीतरी करून बघायचंय. काय ते मलाही माहीत नव्हतं, पण दुसरं. बाबांनी चाकावरून काच उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "ही कड बघ कशी आलीय." बस. त्या कडेवर माझं आयुष्य निघालं. म्हणून लोक जेव्हा म्हणतात, बोल, मन मोकळं कर, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बोलून झालंय. सगळ्यांना सांगून झालंय. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी गेलो. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन दारं होती, एक दातांच्या डॉक्टरचं आणि एक या समुपदेशक मॅडमचं. मधली भिंत पातळ. आत बसलं की पलीकडच्या ड्रिलचा आवाज येत राहायचा, थांबायचा, पुन्हा यायचा, आणि तो थांबला की आता कोणीतरी खळखळून चूळ भरतंय हेही कळायचं. मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असाव्यात. खिडकीशी चांगला मऊ सोफा होता, मी त्यावर बसायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही या खुर्चीवर बसाल का? इकडे, माझ्या डावीकडे." खुर्ची साधी, लाकडी. मनात म्हटलं, झालं, सुरुवातीलाच जागा दाखवली. आपणही पेशंटला सांगतो, इथे बसा, हनुवटी इथे ठेवा, हलू नका. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, त्यातला एक रुमाल आधीच अर्धा वर काढून ठेवलेला, म्हणजे रडणाऱ्याला ओढायचे कष्ट नकोत. तो अर्धा रुमाल बघूनच मी ठरवलं की इथे रडायचं नाही.

झोप लागते का? लागते. भूक? आहे. कामात लक्ष? असतं तसं. कोणावर राग येतो? नाही, कोणावर येणार? गाडीचा परवाना हवा असलेली माणसं माझ्याकडे येतात ना, आधीच्याने बाहेर जाऊन सांगितलेला तक्ता पाठ करून, आणि मी दिवा लावायच्या आत शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवतात, तसा मी मॅडमना सगळा तक्ता म्हणून दाखवला. माझ्या आवाजात मला माझे सगळे लबाड पेशंट ऐकू येत होते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. पण मी तरी काय करणार? प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायचं, हे मला त्या शिवणकामवाल्या बाईंइतकंच घट्ट चिकटलेलं आहे. मॅडम लिहीत काहीच नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या, मान एका बाजूला झुकवून. मी काही बोललो की मान अजून झुकायची, आणि डोळे माझ्या डोळ्यांवर नाही, जरा खाली, तोंडावर. पहिल्या दिवशी मला वाटलं ही सहानुभूती. शिकवत असतील त्यांना, मान इतकी वाकडी करायची, म्हणजे समोरच्याला बरं वाटतं. दुसऱ्या वेळी माझ्यातला कारागीर जागा झाला. सहानुभूती कसली, चष्मा चुकलाय. काही काचा अशा असतात की त्या फ्रेममध्ये नेमक्या कोनात बसवाव्या लागतात. कोन जरा चुकला की माणूस नकळत मान वाकडी करून तो सुधारून घेतो. त्यांची फ्रेमही एका कानावर वर चढलेली होती. एकदा हे दिसलं आणि मग मला दुसरं काही दिसेना. त्या विचारायच्या, "दुकानात सकाळी शिरताना काय वाटतं?" आणि मी मनात म्हणायचो, दहा अंशांनी चुकलाय, निदान दहा. तिथून बाहेर पडताना मी कितीतरी शांत असायचो. बायको विचारायची, काही उपयोग होतोय का? मी म्हणायचो, होतोय. खोटं नव्हतं ते. आठवड्यातून एकदा मला पक्कं माहीत असलेलं काहीतरी समोर बसायचं.

चौथ्या वेळी मात्र वेगळं घडलं. त्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत उभा होतो आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना हे बरं की हे विचारताना माझी जीभ अडली. शब्द तोंडात होते, पण ते बाहेर येईनात. कसंबसं निभावलं. बाबांनी मला या खोलीत पहिल्यांदा उभं केलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, अंधारात मोठ्याने बोलायचं नाही. माणूस बिचकतो, आणि बिचकलेला माणूस खरं सांगत नाही. तेव्हापासून मी त्या खोलीत कुजबुजल्यासारखं बोलतो. पुढेपुढे बाहेरही तसाच बोलायला लागलो असेन, कारण बायको निम्म्या वेळा "काय?" म्हणते, दादा तर विचारतही नाही, आपल्याला हवं ते मी बोललो असं धरून चालतो. तर त्या दिवशी मॅडमकडे तास संपला, तक्ता म्हणून झाला, मी उठलो, दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि पलीकडे ड्रिल सुरू झालं तसं माझ्या तोंडून निघालं, "मला त्या खोलीत परत जायचं नाही." कोणी ढकलल्याशिवाय, कोणी विचारल्याशिवाय निघालं. माझे कान गरम झाले. मी वळून बघितलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, भेटू पुढच्या आठवड्यात."

मी जिना उतरलो. बरं, भेटू? आयुष्यात एक वाक्य खरं बोललो, ते परक्या बाईसमोर, आणि बरं, भेटू? तो सगळा आठवडा मी नुसता धुमसत होतो. पेशंटच्या डोळ्यात थेंब घालताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यापडल्या. काहीतरी उत्तर द्यायचं! बसा म्हणायचं, का म्हणून विचारायचं, निदान भुवई तरी उचलायची! बाबांनी कड दाखवली, हिने पाठ दाखवली, आणि या बाईंनी तर पुढची तारीख दाखवली. मला वाटलं, चूक माझीच. माझं बोलणंच शून्य नंबरचं आहे. समोरच्यावर चढवलं काय आणि काढलं काय, त्याला फरकच पडत नाही. आणि या रागातून मला जो मार्ग सुचला तो मलाच सुचू शकतो. मी ठरवलं, आता मॅडमचे डोळे तपासायचे. त्यांचं माझ्याबद्दल काहीही असो, त्यांचा चष्मा चुकलाय हे मी त्यांना सिद्ध करून दाखवणार. मग सोडून देणार हे सगळं. पुढच्या भेटीचा दिवस नेमका महिनाअखेरचा होता. सकाळी बायको डबा भरताना म्हणाली, "आज मी त्यांना कळवणार आहे. तू काही बोलला नाहीस तर लहान घर सांगते." मी मान हलवली. तिने थोडी वाट बघितली आणि डब्याचं झाकण लावलं.

काचांची लाकडी पेटी आणि चाचणीची फ्रेम पिशवीत घालून मी दुकानातून निघालो. दादा म्हणाला, "पेटी कुठे नेतोस?" मी म्हणालो, "एका पेशंटला त्याच्या घरी जाऊन तपासायचंय." मॅडमच्या टेबलावर मी पेटी उघडून ठेवली, रुमालांचा डबा बाजूला सारला आणि म्हणालो, "तुमच्या चष्म्याचा कोन चुकलाय. तुम्हाला मान वाकडी करावी लागते. मला बघवत नाही ते."

त्यांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे केल्याशिवाय आज तुम्ही काही बोलणार नाही, असं दिसतंय. बघा."

भिंतीवर त्यांचं एक कॅलेंडर होतं, त्यातल्या बारीक अक्षरांवर नजर ठेवायला सांगितली. त्यांच्या चष्म्याचा नंबर मी काढला, पेटीतल्या त्याच नंबरच्या काचा चाचणीच्या फ्रेममध्ये बसवल्या आणि कोन दहा अंशांनी फिरवला. "हे बरं की हे?"

"आधीचं. आता पुसट झालं."

दुसरीकडे फिरवला.

"हेही पुसट."

मी पूर्वीच्या जागी आणला. त्यांचा होता तसा. "आता?"

"आता छान."

मी पाव नंबरची काच घातली, काढली. "हे की हे?"

"सारखंच आहे."

"नीट बघा. घाई नाही. हे... की हे?"

"नीटच बघतेय. सारखंच आहे, मला फरक दिसत नाही," त्या म्हणाल्या. अगदी सहज, पाणी नको म्हणावं तितकं सहज. ओशाळल्या नाहीत, मला खूश करायला एक निवडून दिलं नाही. माझ्या खोलीत असं कोणी म्हणत नाही. सारखंच आहे म्हणताना माणसाचा आवाज पडतो, चुकलो का हो, असा होतो. मी हातात ती पाव नंबरची काच धरून उभा राहिलो. त्यांचा चष्मा मुळातच बरोबर होता. ना कोन चुकला होता, ना नंबर.

मॅडमनी फ्रेम काढली, तिच्यात अडकलेले केस सोडवले. "मी चष्म्यामुळे मान झुकवत नाही," त्या म्हणाल्या. "माझा उजवा कान लहानपणीच गेलाय. म्हणून पेशंटना मी डावीकडच्या खुर्चीवर बसवते. आणि तुम्ही इतकं हळू बोलता, की मला वाकून तुमच्या ओठांकडे बघत राहावं लागतं. हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते, तुमच्या वेळी राहून गेलं. चूक माझी आहे." मग त्यांनी स्वतःचा चष्मा घातला. "मागच्या वेळी दाराशी तुम्ही काहीतरी म्हणालात का? मला नुसतं वाटलं तसं. तोंड तुमचं दाराकडे होतं, पलीकडे ड्रिल चालू होतं. मी विचारायला हवं होतं. काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हणालो. ते माझं नेहमीचं. आणि मग मी कशाची तरी वाट बघतोय असं मला जाणवलं. पलीकडे शांतता होती, दातांचे डॉक्टर बहुधा जेवायला गेले असावेत. मी ड्रिल सुरू व्हायची वाट बघत होतो. ड्रिल. कपड्यांचं मशीन. बाबांचं काच घासायचं चाक. ते चाक चालू असताना शेजारच्या माणसाला हाकही ऐकू जात नसे, हे त्या घरात मला माहीत नव्हतं तर कोणाला माहीत होतं? बाबांनी मला कड दाखवली, कारण मी जवळ येऊन उभा राहिलो म्हणजे कड बघायला आलो असणार. बायकोला तर माझं तोंडही दिसत नव्हतं, मी पाठीमागे उभा होतो. मशीन सुरू झालं की मी बोलतो, आणि कोणी वळलं नाही की त्याच्या नावावर लिहून ठेवतो. हे मी कोणाला सांगणार? मला माझाच असा संताप आला, की ती पाव नंबरची काच भिंतीवर फेकावीशी वाटली. मी ती पेटीत जागच्या जागी ठेवली.

"मला त्या खोलीत परत जायचं नाही," मी म्हणालो.

त्यांची मान झुकली. "जरा मोठ्याने."

"मला त्या खोलीत परत जायचं नाही."

"हं. हे घरी कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना सांगून झालंय," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. मग जे आलं ते तुटक आलं आणि मधेमधे त्यांनी मला दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. बायको जातेय. तिच्याबरोबर जावंसं वाटतं की नुसतं इथून सुटावंसं वाटतं, ते मला कळत नाही. आणि हे कळत नाही म्हणून मी तिला काहीच सांगत नाही, कारण तिला असलं अर्धंमुर्धं उत्तर कसं द्यायचं? "कळलं की मग सांगणार होतात?" मॅडमनी विचारलं. मी हो म्हणालो. "आणि त्या कधीपर्यंत थांबणार आहेत?" मी घड्याळाकडे बघितलं. त्या अर्ध्या वर काढलेल्या रुमालाचं म्हणाल तर तो मी ओढला, हो, पण नाक पुसायला, आणि मग दुसराही लागला. तास संपायला वेळ होता. मी म्हणालो, मला फोन करायचाय. त्या म्हणाल्या, "करा. पेटी विसरू नका."

पेटी घेऊन मी खाली रस्त्यावर आलो. औषधांच्या दुकानासमोर रांग होती, कोपऱ्यावर कोणीतरी गाडीचं इंजिन चालू ठेवून आत कोणाची वाट बघत होतं. मी त्या गाडीपासून लांब जाऊन उभा राहिलो आणि बायकोला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिचा आवाज, आणि त्याच्यामागे पंपाची मोठी घरघर.

"हॅलो? काय झालं?"

"तू कळवलंस का?" मी विचारलं.

"काय? काही ऐकू येत नाहीये. पंप चालू केलाय इथे. घरी बोलू ना."

घरी बोलू. किती सोयीचं होतं ते. एरवी मी बरं म्हणालो असतो, फोन खिशात ठेवला असता, आणि संध्याकाळी तिला म्हणालो असतो, मी फोन केला होता की.

"घरी नाही! आत्ता!" मी म्हणालो. आवाज चिरकला. तो मोठा करायची सवयच नव्हती घशाला. "मी त्या खोलीत काम करणार नाही! आज दादाला सांगणार!"

"कोणाला? काय सांगणार?"

"दादाला! दुकान सोडणार म्हणून!" औषधांच्या रांगेतली माणसं वळली. एका आजीबाईंनी पिशवी छातीशी धरली. माझ्या बगलेतली पेटी घसरायला लागली, ती मी गुडघ्याने अडवली आणि तसाच एका पायावर ओरडत राहिलो. "आणि तुझ्याबरोबर यावंसं वाटतंय की इथून पळावंसं वाटतंय, ते मला माहीत नाही! खोटं कशाला सांगू? तुला राग येईल, येऊ दे! मला कळलेलं नाही अजून! पण मला यायचंय! मोठं घर सांग! ऐकतेयस का? मला यायचंय!"

शेवटचे दोन शब्द रस्ताभर गेले. ते संपले तेव्हा मला कळलं की तिच्या बाजूची घरघर थांबलेली आहे. कधी थांबली कोण जाणे. तिने पंप बंद केला होता, की फोन घेऊन बाहेर आली होती. आता नुसता तिचा श्वास येत होता. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, मीही त्यांच्याकडे बघत होतो. तिने नाक ओढलं.

"ओरडतोस कशाला?" ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."